फौजेतला अदब आणि शिस्त: नव्या रंगरुटाने काय समजून जावं

प्रश्न असा आहे: मुलाची अग्निवीर म्हणून निवड झाली आहे, महिनाभरात प्रशिक्षण केंद्रात हजर व्हायचं आहे. तिथे सॅल्यूट, बूट, बिछान्याची घडी यांचा एवढा बाऊ का करतात? मुलं नेमकी कुठे चुकतात? आणि वरचाच माणूस चुकीचा वागला तर काय करायचं? तिन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून सॅल्यूटपासूनच सुरुवात करतो.

बाहेरच्या माणसाला सॅल्यूट म्हणजे धाकट्याने मोठ्यापुढे वाकणं वाटतं. फौजेत तो व्यवहार दोन्ही बाजूंचा असतो. कनिष्ठाने सॅल्यूट केला की वरिष्ठाने सॅल्यूटनेच उत्तर द्यायचं. नुसती मान हलवून किंवा मोबाइलवर बोलत पुढे जाणारा अधिकारी शिष्टाचार मोडत असतो, जवान नव्हे. अधिकारी घोळक्यात असतील तर सगळ्यांत ज्येष्ठ असेल तो उत्तर देतो. आणि सॅल्यूट त्या माणसाला नसतो, राष्ट्रपतींनी त्याला दिलेल्या कमिशनला (म्हणजे अधिकारपदाला) असतो. त्यामुळे साहेब आवडतो की नाही हा मुद्दाच उरत नाही.

आता कृती. आधी सावधान नीट हवं: टाचा जुळलेल्या, पंजांमध्ये साधारण ३० अंशांचा कोन, मुठी बंद, अंगठे पँटच्या शिलाईवर समोरच्या दिशेने, नजर सरळ. तिथून उजवा हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत सरळ वर न्यायचा आणि मग कोपरात दुमडून पंजा कपाळाशी आणायचा. तळवा समोर, बोटं जुळलेली आणि ताठ, अंगठा बोटांना चिकटलेला, तर्जनीचं टोक उजव्या डोळ्याच्या साधारण एक इंच वर, मनगट सरळ, कोपर खांद्याच्या रेषेत. खाली येताना हात बाजूने फिरवायचा नाही, पुढून थेट खाली आणायचा. ‘जाताना लांबचा रस्ता, येताना जवळचा’ असं उस्ताद (प्रशिक्षक) सांगतात ते हेच.

चुका ठरलेल्या असतात. हात डोक्याकडे नेण्याऐवजी डोकं हाताकडे झुकतं. कोपर पुढे येतं आणि खाली पडतं. कारण खांदा आखडलेला असतो किंवा मुलगा घाईत लांबचा रस्ता सोडून हात पोटासमोरून वर आणतो. अंगठा सुटतो. डावा हात शिलाईवरून सरकतो, याकडे तर कुणाचं लक्षच नसतं, उस्तादाचं सोडून. आणि सगळ्यांत जास्त वेळा नजर खाली जाते. नजर खाली असलेला सॅल्यूट कितीही कडक मारला तरी तो अर्धाच.

चालता चालता सॅल्यूट करायचा तर अधिकाऱ्याच्या तीन कदम आधी हात वर आणि तीन कदम पुढे गेल्यावर खाली. मान अधिकाऱ्याच्या बाजूला वळलेली, पण पावलांची लय आणि ३० इंचांचा कदम तसाच. नवखा इथे हमखास अडखळतो, कारण हात उचलताना तो नकळत पाऊल आखडतं घेतो. उपाय एकच: आधी फक्त मान वळवून चालण्याचा सराव, हात नंतर. बोलवणं आलं तर दोन-तीन कदमांवर थम, सॅल्यूट, नंबर-रँक-नाव, काम सांगणं, पुन्हा सॅल्यूट, पीछे मुड़ आणि परत.

भूदलात डोक्यावर टोपी नसेल तर हाताने सॅल्यूट करत नाहीत. सावधान होऊन ‘जय हिंद’ म्हणतात. हातात शस्त्र असेल तर सलामी शस्त्रानेच, तिची कवायत वेगळी. तुकडी उभी असेल तर सगळे सावधान आणि सॅल्यूट फक्त कमांडर करतो. सगळ्यांनी हात वर केले तर ती गर्दी होते. सायकलवरचा जवान हँडल सोडत नाही, मान वळवतो. आणि आघाडीवर, शत्रूच्या टप्प्यात, सॅल्यूट बंद. तिथे सॅल्यूट करणं म्हणजे दुर्बिणीतून बघणाऱ्याला अधिकारी कोण ते बोट दाखवून सांगणं.

तिन्ही दलांचे सॅल्यूट वेगळे आहेत हे ठाऊक असलेलं बरं. भूदलाचा तळवा समोर दिसतो. नौदलाचा तळवा खाली, जमिनीकडे. जहाजावर डांबर-ग्रीसने काळे झालेले हात दिसू नयेत म्हणून, असं कारण परंपरेने सांगितलं जातं. वायुदलाचा सॅल्यूट आधी भूदलासारखाच होता, २००६ मध्ये बदलला. आता तळवा जमिनीशी साधारण ४५ अंशांत असतो. चिलखत घातलेले सरदार तोंडावरचं झाकण उचलायचे त्यातून सॅल्यूट आला, ही कथा मात्र कथा म्हणूनच ऐकावी.

सॅल्यूट बसला तरी समोरचा कोण हे ओळखता आलं पाहिजे. दंडावर ‘व्ही’ पट्ट्या असतील तर लान्स नायक एक, नायक दोन, हवालदार तीन. खांद्यावर तारे असतील तर थांबून नीट बघायचं. सुभेदाराचे दोन तारे आणि लेफ्टनंटचे दोन तारे लांबून सारखेच दिसतात. फरक ताऱ्यांखालच्या लाल-पिवळ्या पट्टीत आहे. ती पट्टी असेल तर जेसीओ, म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर (नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर). तसंच मेजरचं अशोकचिन्ह आणि सुभेदार मेजरचं अशोकचिन्ह. पहिल्या महिन्यात इथेच सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. ब्रिगेडियर आणि त्यावरचे अधिकारी १ ऑगस्ट २०२३ पासून एकसारखा गणवेश घालतात, खांद्यावरची रेजिमेंटची दोरी वापरत नाहीत. त्यामुळे अशा अधिकाऱ्याची मूळ रेजिमेंट कपड्यांवरून ओळखायला जाऊ नका.

संबोधनाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मराठी मुलांचा इथे विनाकारण घात होतो. आपलं ‘तुम्ही’ आदराचं आहे. मुलगा त्याचं मनातल्या मनात हिंदी करतो आणि सुभेदार साहेबांना म्हणतो, ‘साहब, तुम बोलो तो मैं जाता हूँ.’ त्याच्या मनात पूर्ण आदर असतो, पण हिंदीत ‘तुम’ बरोबरीच्याला किंवा धाकट्याला. उत्तर भारतातल्या उस्तादाला तो सरळ उद्धटपणा वाटतो आणि मुलाला रगडा (शिक्षा म्हणून दमवणं) का लागला हेच कळत नाही. जाण्याआधी महिनाभर घरी ‘आप’ आणि ‘जी साहब’ यांची सवय लावा. ‘आप बताइए’, ‘आप आइए’ अशी क्रियापदांसकट. नुसतं ‘आप’ शिकून ‘आप बोलो’ म्हणणं अर्धवट राहतं.

प्रशिक्षकाला ‘उस्ताद’, जेसीओंना ‘साहब’, पुरुष अधिकाऱ्याला ‘साहब’ किंवा ‘सर’, महिला अधिकाऱ्याला ‘मॅडम’. हुद्दा तोच, सॅल्यूटही तोच. यातली एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते: कमिशन्ड अधिकारीसुद्धा जेसीओंना ‘साहब’ म्हणतात. बावीस वर्षांचा लेफ्टनंट पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या सुभेदाराला हुकूम देतो, पण ‘सुभेदार साहब’ म्हणूनच. हुकूम वरून खाली जातो, अदब दोन्हीकडे जातो. हे एकदा समजलं की फौजेतलं अर्धं वागणं आपोआप उलगडतं. रेजिमेंटनुसार अभिवादन बदलतं, कुठे ‘राम राम’, कुठे ‘सत श्री अकाल’. ‘जय हिंद’ सगळीकडे चालतं. फोन उचलल्यावरही आधी ‘जय हिंद’, मग स्वतःचा रँक आणि नाव, मग काम. ‘हॅलो, कोण?’ ही सवय घरीच मोडा.

यानंतर हुकूम. समजावून झालं की शेवटी विचारतात, ‘कोई शक?’ आणि पलटण एका सुरात ओरडते, ‘शक नहीं!’ हा प्रश्न पाठ केलेला वाटतो, पण शिस्तीचा खरा सांधा तोच आहे. शंका विचारायची जागा ती, तेव्हाची, आणि तिथे विचारणं हा उद्धटपणा नाही. समजलेलं नसताना लाजेखातर ‘शक नहीं’ म्हणणारा मुलगा पुढे सगळ्यांना गोत्यात आणतो. संतरीला रात्रीचा संकेतशब्द नीट ऐकू आलेला नाही, त्याने विचारलं नाही, आणि अंधारात तो ‘थम! कौन आता है?’ म्हणून ललकारतो. समोरून आलेलं उत्तर बरोबर की चूक हे त्याला कळत नाही. तिथे ‘मला नीट ऐकू आलं नव्हतं’ ही सबब कुणाच्या उपयोगाची नसते. म्हणून हुकूम मिळाला की तो आपल्या तोंडाने परत सांगायचा: कुठे, किती वाजता, काय घेऊन, कोणाला रिपोर्ट. काम झालं की ‘झालं’ म्हणून परत येऊन कळवायचं, न झालं तर तेही कळवायचं. काम करून गप्प बसणारा चांगला कामगार असेल. फौजेत मात्र त्याचं काम अर्धवटच धरतात, कारण वरच्याला ते झाल्याचं माहीतच नसतं.

वेळेबद्दल रंगरुटांची तक्रार ठरलेली: परेड सहाची आणि आम्हाला साडेपाचला उभं करतात. खरं आहे. कंपनी कमांडरला सहाला तुकडी तयार हवी, म्हणून हवालदार मेजर दहा मिनिटं आधीची वेळ देतो, प्लाटून (कंपनीचा भाग) त्याआधी दहा, सेक्शन (प्लाटूनचा भाग) त्याआधी दहा. प्रत्येक पायरी आपापली गाठ मारते. याचा अतिरेक होतो हे मान्य. चांगला कमांडर तो छाटतो. पण मुळात त्या वेळेत गिनती होते, आजारी कोण, कोणाचा बूट फाटलाय, कोणाकडे पाण्याची बाटली नाही हे कळतं. संध्याकाळच्या गिनतीलाही हाच अर्थ आहे: दिवसातून ठरलेल्या वेळी प्रत्येक माणूस कुठे आहे हे नावानिशी ठाऊक असणं.

बूट, दाढी, बिछाना यांच्याकडे नुसता टापटिपीचा भाग म्हणून पाहू नका. गॅसचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसण्यासाठी दाढी गुळगुळीत लागते. धार्मिक कारणाने दाढी ठेवायची परवानगी असलेल्यांचे नियम वेगळे. केस बारीक ठेवले की उवा आणि जखमेतली घाण आटोक्यात राहते. सूर्यास्तानंतर बाह्या खाली आणि मच्छरदाणी लावलेली, हा मलेरियाविरुद्धचा हुकूम असतो; मच्छरदाणी न लावता आजारी पडणारा जवान दुसऱ्यावर आपली ड्यूटी टाकतो, म्हणून तो निष्काळजीपणा धरला जातो. किट प्रत्येकाचं एकाच क्रमाने लावतात, कारण अंधारात, दिवा न लावता, आपलंच नव्हे तर जखमी शेजाऱ्याचंही सामान हाताने सापडलं पाहिजे. बूट चमकतो की नाही यापेक्षा शिवण उसवली आहे का हे पॉलिश करताना दिसतं, हा खरा फायदा. सगळं मात्र असं नाही. काही गोष्टी निव्वळ दिखाव्याच्या असतात, आणि जुने जवान त्या दिखाव्याच्या आहेत हे ओळखूनच करतात. बिछान्याची घडी काटकोनात आहे की नाही यावर कुणाचा जीव अवलंबून नसतो. ती सवय लावण्यासाठी असते, आणि शिकवणाऱ्याने ते सांगून टाकलं तर मुलं कमी कुरकुरतात.

हत्याराच्या बाबतीत दिखावा अजिबात नाही. कोतमधून (शस्त्रांच्या कोठारातून) रायफल घेताना आणि देताना नंबर वाचून, सही करून. हातात आल्याबरोबर तोंड सुरक्षित दिशेला आणि चेंबर रिकामा आहे का ते स्वतः पाहायचं, आधीच्याने पाहिलं असलं तरी. फायरिंग संपलं की ‘खाली कर’ (रिकामी कर), ‘जाँच शस्त्र’, आणि मग प्रत्येकाने तोंडाने सांगायचं की माझ्याकडे जिवंत राउंड (काडतूस) किंवा उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी नाही. अपघात बहुधा क्रम उलटला की होतात: मॅगझिन काढायच्या आधीच बोल्ट मागे ओढला, चेंबरमधला राउंड बाहेर पडला, पण बोल्ट पुढे जाताना मॅगझिनमधला दुसरा राउंड आत गेला, आणि जवान समजतो रायफल रिकामी आहे. मॅगझिन आधी, बोल्ट नंतर, डोळ्यांनी आणि बोटाने दोन्हींनी खात्री. साफसफाईची चिंदीही ठरलेल्या मापाचीच. मोठी घातली की नळीत अडकते आणि ती काढायच्या नादात नळी खराब होते.

आता चुकल्यावर काय. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. प्रशिक्षणातली जादा दौड, जादा कवायत एकीकडे आणि कायद्याने दिलेली शिक्षा दुसरीकडे. दुसरी आर्मी ॲक्ट, १९५० खाली येते. कलम ८० प्रमाणे कमांडिंग ऑफिसर जवानाला कोर्ट मार्शलशिवाय (लष्करी न्यायालयाशिवाय) २८ दिवसांपर्यंत लष्करी कैद, तितकेच दिवस लाइन्समध्ये (जवानांच्या राहण्याच्या आवारात) अडकवणं, जादा गार्ड ड्यूटी, ताकीद किंवा महिन्याला १४ दिवसांच्या पगारापर्यंत दंड देऊ शकतो. पण आधी आरोप जवानासमोर ऐकला गेला पाहिजे आणि साक्षीदाराला प्रश्न विचारायची संधी त्याला मिळाली पाहिजे. गंभीर गोष्टी कोर्ट मार्शलकडे जातात. वरिष्ठाने कर्तव्य बजावताना समक्ष दिलेला कायदेशीर हुकूम उघड धुडकावला तर कलम ४१ खाली १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

‘कायदेशीर’ हा शब्द तिथे मुद्दाम आहे. हुकूम लष्करी कामाशी संबंधित आणि कायद्यात बसणारा हवा. कैद्याला मारहाण करा, खोटी नोंद करा, असला हुकूम त्या कलमात बसत नाही आणि ‘साहेबांनी सांगितलं’ म्हणून जवान सुटत नाही. मात्र हुकूम आवडला नाही, जाचक वाटला, म्हणून तो बेकायदा ठरत नाही. शंका असेल तर आधी ‘साहब, मला असं समजलं, बरोबर आहे का?’ म्हणून खात्री करायची. निम्म्या वेळा गैरसमजच निघतो.

आणि उलट दिशेचं कलम बरेच जण विसरतात: कलम ४७. हाताखालच्याला मारणारा किंवा छळणारा अधिकारी, जेसीओ किंवा एनसीओ (नायक, हवालदार वगैरे) सात वर्षांपर्यंतच्या कैदेला पात्र होतो. रगडा आणि मारहाण यांच्यात रेषा आहे. दमवणं हा प्रशिक्षणाचा भाग आहे. थोबाडीत मारणं, पट्ट्याने मारणं नाही. तक्रारीचा रस्ताही कायद्यात आहे. कलम २६ प्रमाणे जवान आपल्या कमांडिंग अधिकाऱ्याकडे दाद मागू शकतो, आणि तक्रार त्याच्याचविरुद्ध असेल तर त्याच्या वरच्याकडे. रोजच्या गोष्टींसाठी सेक्शन कमांडर, मग प्लाटून, मग कंपनी कमांडर अशी पायरी चढायची. पायरी ओलांडली की आधी तेच विचारलं जातं आणि मूळ तक्रार बाजूला राहते. पायऱ्यांशिवाय थेट बोलायची अधिकृत जागा म्हणजे सैनिक संमेलन. तिथे कमांडिंग ऑफिसरसमोर कुणीही उठून बोलू शकतो: लंगरातली डाळ, थकलेला भत्ता, रखडलेली रजा.

एक सावधगिरी मात्र फार महत्त्वाची. तक्रार एकट्याची, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या बाबतीतली. कॉलेजात सवय असते दहा जणांच्या सह्यांचा अर्ज द्यायची. फौजेत सामूहिक अर्जाला मनाई आहे. तो एकजुटीने हुकूम झुगारण्याच्या दिशेचं पाऊल समजला जातो. दहा जणांना तोच त्रास असेल तर दहा वेगवेगळे अर्ज. जाणूनबुजून खोटा आरोप करणं हाही गुन्हा आहे.

रजेबद्दल घरच्यांनी लक्षात ठेवायचं, कारण इथे चूक बहुतेक वेळा घरच्यांच्या आग्रहाने होते. ‘लग्न आहे, दोन दिवस जास्त थांब, काय होतंय.’ होतं ते असं: रजेपेक्षा जास्त थांबणं कलम ३९ खाली गुन्हा आहे, कोर्ट मार्शलने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गैरहजेरी ३० दिवसांची झाली की चौकशी बसते आणि पळून गेल्याची नोंद होऊ शकते. रजेत आजारी पडला तर जवळच्या लष्करी रुग्णालयात, ते नसेल तर सरकारी रुग्णालयात, आणि युनिटला त्याच दिवशी फोन, म्हणजे रजा संपायच्या आधी. रेल्वे रद्द झाली तर स्टेशनवरून लेखी पुरावा. वाढीव रजा मागता येते, पण उत्तर येईपर्यंत ती मिळाली असं धरून थांबायचं नाही.

मोबाइल हा शिस्तीचा नवा भाग. जुलै २०२० मध्ये सैन्याने आपल्या माणसांना ८९ ॲप काढून टाकायला सांगितलं, त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होतं. मुलगा स्वतः काही टाकणार नाही असं धरू. पण आई स्टेटसला गणवेशातला फोटो टाकते, मागे युनिटचा फलक दिसतो. चुलतभाऊ लिहितो की दादाची पलटण अमुक तारखेला अमुक ठिकाणी निघाली. हे घरच्यांनीच थांबवायचं. कोण फोन करून ‘आम्ही त्याच्या ऑफिसातून बोलतोय, त्याची पोस्टिंग सांगा’ म्हणालं तर काही सांगू नका; ऑफिसला त्याची पोस्टिंग ठाऊक असते.

उरलेल्या महिन्यात घरी करायचं ते एवढंच. पहाटे साडेचारला उठणं, रोज, रविवारीही. स्वतःचे कपडे स्वतः धुणं, बटण लावणं, दाढी रोज करणं. नवे बूट घातले तर ते घालून रोज थोडं चालणं, म्हणजे केंद्रावर पहिल्याच आठवड्यात टाचेला फोड येणार नाहीत. आरशासमोर दहा सॅल्यूट, डोकं हाताकडे झुकतंय का ते पाहत. आणि आधार, शाळेचे दाखले, बँकेचं पासबुक यांच्या मूळ प्रती एका पिशवीत, छायाप्रती दुसऱ्या. पहिल्या दिवशीच्या रांगेत सगळ्यांत जास्त वेळ याच कागदांपायी जातो.